न दुखणाऱ्या दाढेचं काय करायचं?

खालच्या जबड्यात अगदी मागे एक अक्कलदाढ आडवी आली आहे. अर्धी हाडात, अर्धी हिरडीखाली, डोकं शेजारच्या दाढेच्या अंगावर टेकलेलं. दुखत नाही, सुजलेली नाही, जेवताना तिची आठवणही होत नाही. ही दाढ अमेरिकेतल्या सुखवस्तू घरातल्या मुलाच्या तोंडात असेल, तर कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत ती बहुधा निघेल, आणि एकटी नाही, चारही निघतील. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तीच दाढ दाखवली तर उत्तर मिळेल, त्रास नाही ना, मग राहू दे. आणि परभणीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या मुलाच्या तोंडात ती असेल, तर ती तिथे आहे हे त्यालाच काय, कोणालाच माहीत नसेल. एखाद्या रात्री गाल टम्म फुगून तोंडात चमचा जाईनासा झाला, की मगच तिचा शोध लागेल.

दाढ तीच, हाड तेच, शीर तीच. तरी तीन देशांत तीन निर्णय. यातला एक बरोबर आणि दोन चूक असणार, विज्ञानाला विचारलं की कळेल, असं आपल्याला वाटतं. पण विज्ञानाने इथे उत्तर दिलेलंच नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास गोळा करते, पाखडते आणि उरलेलं सांगते. निरोगी, न दुखणाऱ्या, अडकलेल्या अक्कलदाढा काढाव्यात की ठेवाव्यात, यावरचा तिचा आढावा २००५ पासून २०२० पर्यंत अनेकदा सुधारून निघाला. दर वेळी निष्कर्ष तोच: कोणत्याही बाजूने ठाम बोलावं इतका पुरावा हाती नाही. पुराव्याची जागा रिकामी राहिली की तिथे दुसरं काहीतरी येऊन बसतं. कुठे विमा, कुठे फी, कुठे सरकारी खर्चाचा हिशेब, आणि आपल्याकडे निव्वळ चालढकल.

माझं म्हणणं असं, की न दुखणारी दाढ काढायची की ठेवायची याचं उत्तर दाढेत शोधून सापडणार नाही. ठेवली तर पुढची दहा-वीस वर्षं तिच्यावर नजर कोण ठेवणार आहे, आणि काढली तर पुढचा आठवडा त्या माणसाकडे कोण बघणार आहे, हे आधी ठरवावं. मग हत्यारांना हात घालावा.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा 'जरा सरका' म्हणत टेकतो, तशी ही दाढ जबड्यात येते. सगळ्यांच्या शेवटी, साधारण १७ ते २५ या वयात, आणि तोवर जागा धरून झालेली असते. जगात साधारण पाचांतल्या एकाला किमान एक अक्कलदाढ मुळात येतच नाही, आणि साधारण चौघांतल्या एकाची किमान एक तरी अडकते. जबडा अपुरा का पडतो याचं एक पटणारं कारण आहारात आहे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चंदीगड शहर आणि भोवतालची खेडी यांतल्या तरुणांचे दात पाहिले होते. माणसं एकाच मुळाची, पण शहरी मुलांच्या दातांची ठेवण जास्त बिघडलेली. खेड्यातली मुलं जाडंभरडं, चावावं लागणारं खात होती. पुढे २००४ मध्ये हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांनी हायरॅक्स नावाच्या छोट्या प्राण्यांना काहींना शिजवलेलं मऊ आणि काहींना कच्चं, सुकं खाऊ घालून पाहिलं, तर मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा भाग कमी वाढला.

आपल्याकडे अशी माहिती कानावर पडली की 'आमच्या आजीच्या काळी' सुरू होतं. तेव्हा एवढंच सांगतो, की जबडा वाढतो तो लहानपणी. विशीतल्या पोराला आता कडक भाकरी आणि ऊस खायला घालून आडवी दाढ उभी राहत नाही.

आणखी एक समज इथेच निकालात काढतो, कारण त्याच्या नावावर कितीतरी दाढा निघतात: अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये यावर रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या आणि काही वर्षांनी पुढच्या दातांची गर्दी मोजली. केवळ तेवढ्यासाठी दाढ काढावी असा फरक काही दिसला नाही. खालचे पुढचे दात वयाबरोबर थोडे दाटीवाटीने येतातच, मागे अक्कलदाढ असो वा नसो. हे दंतवैद्यांना ठाऊक नाही असं नाही, पण 'तारा लावून सरळ केलेले दात पुन्हा बिघडतील' हे वाक्य मुलीच्या आईला लगेच पटतं, आणि पटणारं वाक्य सोडवत नाही.

आता अमेरिका. जे फ्रीडमन या दंतवैद्याने २००७ साली तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात एक खणखणीत लेख लिहिला. त्याच्या अंदाजाने देशात दर वर्षी सुमारे ५० लाख माणसांच्या १ कोटी अक्कलदाढा निघत होत्या, खर्च ३ अब्ज डॉलरच्या वर, आणि ११ हजारांहून अधिक जणांच्या ओठाला, जिभेला किंवा गालाला कायमची बधिरता. यातलं किमान दोन तृतीयांश काम अनावश्यक, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने निरोगी अक्कलदाढा सरसकट काढण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. तरी प्रथा काही मोडली नाही. मूल आईवडिलांच्या विम्याखाली आहे, सुट्टी आहे, शल्यचिकित्सकाची खुर्ची रिकामी आहे. मग 'पुढे त्रास झाला तर?' या प्रश्नापुढे कोणता बाप नाही म्हणेल?

शल्यचिकित्सकांची बाजू अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, दुखत नाही म्हणजे रोग नाही असं नव्हे. आडव्या दाढेच्या आणि पुढच्या दाढेच्या मधल्या खोबणीत अन्न साचतं, हिरडीचा कप्पा खोल होत जातो, पुढच्या चांगल्या दाढेला मागून कीड लागते, आणि हे सगळं एक शब्द न बोलता चालतं. शिवाय विशीच्या आसपास मुळं पुरती झालेली नसतात, हाड लवचिक असतं, जखम लवकर भरते. पस्तिशीत तेच काम जास्त वेळ घेतं आणि जास्त सतावतं. हे सगळं खरं आहे. फक्त यावरून 'म्हणून सगळ्यांच्याच काढा' इथपर्यंत जी उडी मारली जाते, तिच्याखाली जमीन नाही.

ब्रिटनने उलटी दिशा धरली. २००० साली तिथल्या नाइस या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेला सांगितलं, की रोगाची खूण नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा काढणं थांबवा. पैसे वाचले, कित्येक तरुण चिरफाडीतून वाचले. पण पुढच्या दहा वर्षांत वेगळंच दिसू लागलं. अक्कलदाढ काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय २५ वरून ३२ वर गेलं, आणि काढण्याच्या कारणांत कीड हे कारण वाढलं. म्हणजे बऱ्याच दाढा वाचल्या नव्हत्या, त्यांचा निकाल पुढे ढकलला गेला होता. त्यात काही वेळा शेजारची बिनदोष दाढही किडली. हा निकाल नाइसच्या विरोधकांनी लगेच उचलला. मला मात्र त्यात नियमाचा पराभव दिसत नाही, अर्धवट पाळलेला नियम दिसतो. 'काढू नका' हे अर्धं वाक्य होतं. 'आणि बघत राहा' हे उरलेलं अर्धं. पहिलं पाळायला काहीच करावं लागत नाही. दुसऱ्याला माणूस लागतो, वेळ लागतो आणि दर खेपेचे पैसे लागतात.

आपली अडचण नेमकी याच उरलेल्या अर्ध्या वाक्यात आहे. लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे नीट पाहू. ठरावीक काळाने त्याच दंतवैद्याकडे जायचं. त्याने मागच्या दाढेपाठीमागची हिरडी सळीने चाचपायची, कप्पा वाढला का ते मोजायचं. गरज पडली तर ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आधीच्या फिल्मशी ताडून पाहायचा. आपल्याकडे दाताच्या डॉक्टरकडे असं न दुखता जाणारी माणसं किती? दात दुखला की लवंग, लवंगेने भागलं नाही की मेडिकलमधून गोळी, गोळीने भागलं नाही की डॉक्टर. बहुतेक आरोग्यविम्यांत अपघात सोडला तर दातांचा खर्च धरतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेप खिशातून. डॉक्टर बदलला की जुनी फिल्म जुन्याच डॉक्टरकडे राहते, नाहीतर घरातल्या कुठल्या तरी पिशवीत वाकून पडते. ब्रिटनचा नियम आपण जसाच्या तसा आणला, तर त्यातलं 'राहू दे' तेवढं आपण लगेच आत्मसात करू. ते आपल्याला आधीपासूनच येतं.

अर्थात दाढ सुजल्यावरच धाव घेणं ही आजची सवय नव्हे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या निदानात अधिमांस नावाचा विकार सांगितला आहे: जबड्याच्या शेवटच्या दाढेशी मोठी सूज, भयंकर वेदना, तोंडातून लाळ. उपचार असा, की ते वाढलेलं मांस कापून टाकावं आणि मधात कालवलेली औषधी चूर्णं तिथे चोळावीत. दाढेवर आलेला हिरडीचा पदर सुजणं आणि तो कापणं, हे आजच्या दंतवैद्यालाही रोजचं आहे. यावरून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' असा झेंडा रोवायची गरज नाही. मला त्यात दिसतो तो रुग्ण. लाळ गळायला लागेपर्यंत तोही वैद्याकडे आलेला नाही.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट मात्र या वादात अधिक धरायला हवी, आणि ती लंडनच्या नियमात नाही की अमेरिकेच्या विम्यात नाही. सुपारी. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, पण सुपारी, मावा, खर्रा टपरीवरून हलला नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट होते, पांढरट पट्टे येतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. तीन बोटं मावायची तिथे दोन, मग एक. अशा तोंडात मागची दाढ बिघडली तर तिथवर हत्यार न्यायचं कसं? नागपूरकडचा खर्रा खाणारा बावीस वर्षांचा पोरगा आणि लंडनमधला त्याच वयाचा मुलगा, दोघांच्याही आडव्या दाढेबद्दल 'थांबू या' म्हणणं एकच नव्हे. पहिल्याच्या बाबतीत थांबण्याची किंमत दर वर्षी वाढते. खरं औषध सुपारी सोडणं हेच. पण त्याला निदान एवढं तरी कळायला हवं, की दाढ काढायची झाली तर ती तोंड उघडतंय तोवरच.

माझ्या भाचीची खालची दाढ गेल्या वर्षी पुण्यात काढली. तिला त्रास होत होता, त्यामुळे काढण्याबद्दल वाद नव्हता. तोंड बधिर करून हिरडी कापली, हाडाला गोल चर पाडला, दाढेचे दोन तुकडे केले, एकेक काढला, टाके घातले. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर गालात कापूस धरून ती मला खुणेनेच म्हणाली ते मला कळलं नाही, मग संध्याकाळी सांगितलं: "मामा, दुखलं काहीच नाही, पण आवाज सगळा कानाच्या आतून येत होता." त्यानंतर जे चार-पाच दिवस गेले त्यांत मला कळलं, की आपल्याकडे या उपचाराचा खरा अर्धा भाग सुरू होतो तो दवाखान्याचा जिना उतरल्यावर, आणि तिथे वाली कोणी नसतो.

दाढेच्या जागी जो खड्डा उरतो त्यात रक्ताची गाठ बसते. ती गाठ हेच पुढचं औषध. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं, तिच्यातून नवी पेशीजाळी वर येते. ती सुटली की हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे बरं वाटायला हवं तेव्हाच, कानापर्यंत चढणारी कळ सुरू होते. ड्राय सॉकेट हे नाव याला १८९६ सालापासून आहे. ताप नाही, पू नाही, फक्त रिकामा कोरडा खड्डा आणि झोप उडवणारी कळ. खालच्या अक्कलदाढेत हा धोका इतर दातांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, ओढून प्यायचं नाही, आणि तंबाखू तर नाहीच.

आता हे नियम मराठी घरात नेऊन पाहा. माझी बहीण, म्हणजे मुलीची आई, रक्त दिसलं की म्हणणार, "थुंकून टाक ते, गिळू नकोस." प्रेमाने म्हणणार, आणि प्रत्येक थुंकीबरोबर गाठ सैल होणार. आजी मिठाच्या गरम गुळण्या सांगणार. त्या दुसऱ्या दिवसापासून उत्तम, पहिल्या दिवशी घातक. कोणीतरी गरम पिशवीचा शेक देणार, जेव्हा पहिल्या दिवशी हवा असतो बर्फ. शेजारच्या काकू आजारी माणसाला भेटायला म्हणून शहाळं आणणार, आणि त्यात स्ट्रॉ घालून हातात देणार. शहाळं पेल्यात ओतून प्यायलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण स्ट्रॉने ओढलं की तोंडात जी पोकळी तयार होते ती खड्ड्यातली गाठच उचलते. नाचणीची गार आंबील, दहीभात, कोमट वरण, सायीचं ताक असलं सगळं घरात असतं. आपलं घर या आजारपणाला खरं तर उत्तम. फक्त त्या घराला कोणी नीट सांगत नाही.

सांगतात, पण कसं? छापील चिठ्ठी हातात देतात. बऱ्याचदा इंग्रजीत, बारीक अक्षरात, बधिर तोंडाच्या आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात. शिवाय काही प्रश्न असे, की ते विचारलेच जात नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये ड्राय सॉकेटचं प्रमाण जास्त आढळतं, ही दंतवैद्यकात जुनी माहिती. पण खुर्चीशेजारी आई बसलेली असताना विशीतल्या मुलीला हा प्रश्न आपल्याकडचा कोणता डॉक्टर विचारेल, आणि विचारलाच तर ती काय उत्तर देईल? आईला दोन मिनिटं बाहेर बसवणं इतकी साधी गोष्ट आहे ही. आपल्या दवाखान्यांना ती जमत नाही, कारण रुग्ण म्हणजे त्याचं अख्खं घर असं आपण धरून चालतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, हिचा गाल कालच्यापेक्षा वाढलाय, डॉक्टरने काही बिघडवलं तर नाही ना?" बिघडवलं नव्हतं. सूज चढते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंतच, मग उतरते. ही नियमाची गोष्ट. पण तेवढं सांगणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात फोन केला तर काउंटरवरच्या मुलीने सोमवारी या म्हणून ठेवून दिला.

'सोमवारी या' हा नुसता उद्धटपणा नाही, तो अपुरा उपचार आहे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्याला आधार आहे, आणि तो योगायोगाने याच दाढेने दिलेला आहे. वेदनेच्या विज्ञानावर अक्कलदाढेचं मोठं ऋण आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ आपल्या सहकाऱ्याकडून काढून घेतली. शस्त्रक्रियेतल्या भुलीच्या इतिहासात या प्रसंगाचं नाव पहिल्या काहींत येतं. चाळीस वर्षांनी, १८८४ मध्ये, विल्यम हॅल्स्टेडने खालच्या जबड्याची शीर कोकेन टोचून बधिर केली. आजही खालची दाढ काढताना सुई त्याच शिरेच्या रोखाने जाते, फक्त औषध बदललं. स्वतःवर प्रयोग करता करता हॅल्स्टेड कोकेनच्या आहारी गेला, तो भाग वेगळा. आणि आज नवी वेदनाशामक गोळी माणसांवर तपासायची असेल तर औषध कंपन्या पुष्कळदा अक्कलदाढ काढलेल्या तरुणांकडे जातात. निरोगी माणसं, ठरलेल्या वेळची जखम, आणि सगळ्यांना साधारण सारखीच, मध्यम ते तीव्र कळ. मोजायला सोयीचं.

या मोजण्यातूनच १९७८ साली कॅलिफोर्नियात जॉन लेव्हिन आणि सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून निव्वळ खोटं औषध दिलं, काहींची कळ कमी झाली. त्यांना नालोक्सोन दिलं, जे शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांचं काम अडवतं, तर कळ पुन्हा वाढली. म्हणजे आराम काल्पनिक नव्हता. 'मला औषध मिळालं' या भरवशावर शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करत होतं. दहा वर्षांनी लंडनमध्ये याहून चक्रावणारं दिसलं. दाढ काढलेल्या रुग्णांच्या गालावर अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं. यंत्र बंद असलेल्यांचीही कळ कमी झाली, इतकंच नाही, सूज उतरली, तोंड जास्त उघडू लागलं. यावरून वेदना मनाचे खेळ ठरत नाहीत. ठरतं एवढंच, की आपल्याकडे कोणीतरी जाणतं माणूस बघतं आहे ही जाणीव शरीरात उतरते आणि काम करते. मग तिसऱ्या दिवशीचा दोन मिनिटांचा फोन हा सौजन्याचा भाग कसा म्हणायचा? तो गोळीच्या रांगेत बसायला हवा, आणि फीमध्ये धरायला हवा.

कारण माणूस दिला नाही की त्याची जागा गोळ्या घेतात. अमेरिकेत त्या अफूवर्गातल्या होत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते ३० वयाच्या सुमारे ७१ हजार जणांची नोंद पाहिली: अक्कलदाढ काढल्यावर अशा गोळ्यांची चिठ्ठी वटवणाऱ्यांपैकी हजारी १३ जण पुढेही त्या घेत राहिले, न घेणाऱ्यांत हजारी ५. आणि गरज तरी होती का? पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन मिळून बहुतेकांचं काम भागतं, तेही चांगलं भागतं. आपल्याकडे ही वेळ सहसा येत नाही. आपल्या गोळ्या वेगळ्या. अमॉक्सिसिलीन आणि मेट्रोनिडॅझोल, पाच दिवस, जवळपास प्रत्येकाला. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यानुसार अक्कलदाढ काढलेल्या साधारण १९ निरोगी माणसांना अँटिबायोटिक द्यावं तेव्हा एकाचा संसर्ग टळतो. उरलेले अठरा जण फायदा नसताना जुलाब, मळमळ आणि औषधाला सरावलेले जंतू यांच्या धोक्याचे वाटेकरी. कोणाला द्यायचं हे ठरवायला तिसऱ्या दिवशी जखम बघावी लागते. बघायची सोय नाही, म्हणून सगळ्यांना आधीच देऊन मोकळं व्हायचं.

आणि बरं होण्याचा हा आठवडा मिळतो कोणाला? माझ्या भाचीला मिळाला, घरून काम होतं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे, सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे दाढ अल्प खर्चात निघते. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईने गाल सुजलेला असताना चार दिवस वाकून काम करू नये असं सांगायचं, तर ती काम करते त्या घरांनी 'दात काढायला कसली सुट्टी?' असं म्हणता कामा नये. रिक्षावाल्याने उन्हात दिवसभर तंबाखूशिवाय बसायचं. दाढेचा खर्च त्यांना परवडतो, बरं होणं परवडत नाही. म्हणून ते येत नाहीत, आणि आपण म्हणतो लोक दातांची काळजी घेत नाहीत.

मग करायचं काय? सगळ्या अठरा वर्षांच्या मुलांचे एक्स-रे काढा, असं मी म्हणणार नाही. तो मागच्या दाराने आलेला अमेरिकी रस्ता आहे. फिल्म काढली की काहीतरी दिसतं, आणि दिसलं की काढावंसं वाटतं. पण बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कुठेही प्रवेश घ्यायचा तर शारीरिक पात्रतेचं प्रमाणपत्र बहुधा लागतंच. वय नेमकं तेच. कोपऱ्यावरचा डॉक्टर उंची, वजन, रक्तगट, चष्म्याचा नंबर लिहितो, शिक्का मारतो, पैसे घेतो. 'आ कर' म्हणत नाही. त्या छापील नमुन्यात तोंडाच्या तपासणीची एक ओळ घालायला फारसा खर्च नाही. तोंड किती बोटं उघडतं, सुपारीचे पट्टे आहेत का, मागची दाढ अर्धवट वर आली आहे का, एवढं बॅटरीच्या उजेडात मिनिटभरात दिसतं. अर्धवट आलेली दिसली तरच दंतवैद्याकडे, तरच फिल्म. मग त्याने तिन्ही वाटा मांडाव्यात: काढणं, ठेवून बघत राहणं, आणि मुळं शिरेला बिलगली असतील तर फक्त वरचा भाग कापून मुळं आतच सोडणं. ही तिसरी वाट रुग्णाच्या कानावर फार क्वचित पडते. ठेवायची ठरली तर पुढच्या तपासणीची तारीख लिहून फिल्म त्या मुलाच्या हवाली करावी. काढायची ठरली तर मराठीत लिहिलेली चिठ्ठी आणि तिसऱ्या दिवशी उचलला जाईल असा फोन नंबर. दंत महाविद्यालयांत दर वर्षी इंटर्न येतात. त्यांना दाढ काढायला शिकवतात तसं काढल्यानंतर विचारपूस करायलाही लावता येईल, आणि परीक्षेत त्याचे गुण ठेवता येतील. मुलं गुणांसाठी काहीही शिकतात.